कागदावर छापलेलं नाणं

आज रविवार, बाहेर धो धो पाऊस, दुपारी अल्बम काढला आणि एक रुपयाच्या नोटांवरच अडकलो. मोठ्या नोटाही आहेत माझ्याकडे पण जीव जडलाय तो हिच्यावरच, कारण ही नोट कायद्याच्या हिशोबात नाणं धरली जाते!

पहिली आली ३० नोव्हेंबर १९१७ ला. महायुद्ध चालू, चांदी मिळेना, मग चांदीचे रुपये पाडणार कशाचे, म्हणून सरकारने इंग्लंडात कागदी रुपया छापून घेतला, त्यावर पंचम जॉर्जच्या नाण्याचं चित्र, आणि २५-२५ नोटांची पुस्तकं असायची, एकेक फाडून द्यायची. १९२६ ला बंद झाली, १९४० ला परत आली, तेव्हाही युद्ध आणि चांदीचीच ओढाताण.

बाकी नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचं 'अदा करने का वचन' असतं ना, ते आजच्या एक रुपयावर शोधून सापडणार नाही. दहाची नोट म्हणजे दहा रुपये द्यायचं वचन, पण ही स्वतःच रुपया, मग वचन कसलं द्यायचं? म्हणून ती भारत सरकार काढतं आणि सही अर्थ सचिवाची. स्वतंत्र भारताची पहिली नोटसुद्धा हीच, १९४९ ची, राजा जाऊन अशोकस्तंभ आला आणि सही के. आर. के. मेनन यांची. मनमोहन सिंगांची तर दोन्हीकडे सही आहे, सचिव म्हणून एक रुपयावर आणि नंतर गव्हर्नर झाल्यावर मोठ्या नोटांवर, दोन्ही शेजारी ठेवून बघताना मला दर वेळी भारी वाटतं.

मागच्या बाजूला सागर सम्राट, म्हणजे समुद्रात तेलासाठी खोदणारी रिग, असलेली नोट आपल्या पिढीने भरपूर वापरलीय. १९७४ ला मुंबई हायमध्ये तेल लागलं ते याच रिगवरून, आणि ते चित्र देशातल्या सगळ्यात छोट्या नोटेवर घेतलं हे मला फार आवडतं. पुढे छपाईचाच खर्च रुपयाच्या वर जायला लागला, १९९४ ला छापणं थांबलं आणि २०१५ ला परत सुरू झालं.

भिंगातून बघितलं तर नोटेवरच्या नाण्यावर सालसुद्धा वाचता येतं. आत्तापर्यंत सह्यांप्रमाणे लावल्या होत्या, आता सालाप्रमाणे लावायला घेतल्यात. गांधी शताब्दीची आय. जी. पटेलांच्या सहीची, नाण्यात गांधीजी असलेली, ती मात्र वेगळ्या पानावर. १९१७ ची अजून मिळालेली नाही, चांगल्या कंडिशनची मिळाली तर किंमत जास्त पडली तरी घेणार.