घट्ट होती, तरी सरकत होती

कमोडची सीट हलते म्हणून फोन आला की आमच्या धंद्यात त्याला कोणी काम म्हणत नाही. जाता जाता नट पिळायचा आणि पुढच्या घरी जायचं. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये मी एका गिझरच्या कामाआधी तसाच डोकावलो होतो. दार उघडलं ताईंनी आणि पहिलंच वाक्य, "दादा, नट आवळून जाणार असाल तर आत्ताच सांगा. तो आमचा आम्हालाही आवळता येतो."

खरंच आवळला होता. एकदा घरच्यांनीच, एकदा वॉचमननं, एकदा कुठल्याशा प्लंबरनं. दर वेळी काही दिवस बरं आणि मग पुन्हा सीट डावीकडे. घरात आजी, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. आदल्या आठवड्यात उठताना सीट सरकली आणि हाताला नळ लागला म्हणून वाचल्या.

सीट हलते म्हणणाऱ्यांच्या घरी पुष्कळदा हलत असतं ते भांडंच. खालचा सिमेंट सुटलेला असतो किंवा फरशीतले स्क्रू सैल असतात. म्हणून आधी दोन्ही तळवे काठावर ठेवून भांडं हलवून पाहिलं. जागचं हललं नाही, बुडाशी ओलही नव्हती. मग मागून खाली हात घातला. पंखांचे दोन्ही प्लॅस्टिकचे नट घट्ट, त्यांवर पकडीच्या दातांच्या खुणा. बिजागरीभोवती कोणीतरी सिलिकॉन थापलेलं, तेही पिवळं पडून सुटलेलं. आणि एवढं असूनही अंगठ्यानं आडवी ढकलली तर सीट बोटभर सरकत होती.

इथे मी गिझरवाल्यांना उशीर होईल म्हणून फोन केला.

भांड्याच्या मागच्या दोन भोकांत साधारण 155 मिलिमीटर अंतर असतं, पण सगळ्या भांड्यांत तंतोतंत तेवढंच असेल असं नाही. म्हणून पुष्कळ सीटच्या बिजागरीखाली एक गोल चकती असते आणि बोल्ट तिच्या मधोमध न बसता जरा कडेला बसतो. चकती फिरवली की सीट थोडी मागेपुढे, आजूबाजूला घेता येते. बसवताना मोठी सोय. पण जी चकती बसवताना फिरते, ती नंतरही फिरू शकतेच. तिला धरून ठेवतं ते चकती आणि भांडं यांच्यामधलं रबर. भांड्याला ग्लेझ असतं, काचेसारखं गुळगुळीत. त्यावर नुसतं प्लॅस्टिक टेकलं की कितीही आवळा, घसरणारच.

बोल्ट ॲसिडनं इतका गंजला होता की नट फिरेना. खाली पुठ्ठा धरून हेक्सॉ ब्लेडनं कापला, नाहीतर ग्लेझवर चरा पडला असता. उघडलं तर वरचं रबर नाहीच. खालून भोकात शिरून बोल्टला मध्यभागी धरणारं निमुळतं बुशही नाही, त्याच्या जागी चपटा वॉशर. म्हणजे बोल्टला भोकात डुलायला मोकळी जागा. सीटच्या पोटाला चार रबरी गुट्ट्या असतात, त्यांतल्या डाव्या बाजूच्या दोन्ही गळालेल्या.

डावीच बाजू का, हे कळेना. शेवटी विचारलं, "आजी, सीट नुसती ठेवतो, झाकण बंद करतो. जरा बसून उठून दाखवता का?"

"अरे, आता एवढंच राहिलं होतं," म्हणाल्या, पण हसत बसल्या. मी मागून बिजागरी धरली होती. उठताना त्यांनी डावा तळहात सीटच्या काठावर रोवला आणि सगळा भार त्यावर टाकून बाहेरच्या बाजूला रेटला. ऑपरेशन उजवीकडचं, तो पाय जपायचा, मग दुसरं काय करणार? नट सीटला वर उचलू देत नाही, त्याचं काम तेवढंच. असा आडवा रेटा त्यानं कसा सोसायचा?

हार्डवेअरच्या दुकानात शेठ नवीन सीटच गळ्यात मारत होता. मला हवा होता फिटिंगचा सेट आणि गुट्ट्या, त्या शेवटी मागच्या खणात सापडल्या. परत येऊन ब्लेडनं सिलिकॉन खरवडलं, क्षार काढले, जागा कोरडी पुसली. ओल्या ग्लेझवर रबरही धरत नाही. रबर, चकती, बोल्ट. खालून निमुळतं बुश, मग नट. आधी सैल ठेवून सीट भांड्याच्या मधोमध आणली, गुट्ट्या काठावर नीट टेकतात का पाहिलं, मग नट हातानं आवळला आणि वर पाव फेरा. पकड लावली नाही. माझे उस्ताद ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातले. पुण्या-मुंबईत तिकडचे प्लंबर ढिगानं भेटतात. पाना पाइपला, भांड्याला हात, असं ते बजावायचे. चिनी माती वाकत नाही, तडकते, आणि ती चीर कुठल्याच पुटीनं बुजत नाही.

सीट आता रेटूनही हलेना. तरी मी ताईंना सांगितलं की सीट धरून उठणं बंद करा, डाव्या भिंतीला स्टीलचा दांडा लावून घ्या. जेटची लाइन उजवीकडून जाते, त्यामुळे डावीकडे ड्रिल करायला भीती नाही. फक्त स्क्रू धरणारा प्लग टाइल आणि प्लास्टरमध्ये न अडकता विटेत जायला हवा. ताईंनी लगेच नवऱ्याला फोन लावला. स्पीकरवरून उत्तर आलं, दांड्यानं बाथरूम हॉस्पिटलसारखं दिसेल.

आजी बाहेरूनच ओरडल्या, "मग तू रोज सकाळी ये मला उठवायला!"

दांडा मी दुसऱ्या दिवशी लावला.