लायब्ररीच्या कॉन्फिगरेशनसाठी आणखी एक पॅकेज हवंच का?

पायथनमध्ये कॉन्फिगरेशन म्हटलं की हात आपसूक पायडँटिक (डेटा तपासून घेणारं पॅकेज) किंवा पायवायएएमएलकडे (यामल या फॉरमॅटच्या फाइल वाचणारं पॅकेज) जातो. अ‍ॅप्लिकेशनमध्ये ते खपून जातं, कारण तिथे व्हर्जन तुम्हीच लॉक करता. लायब्ररीने मागितलेलं पॅकेज मात्र ती वापरणाऱ्या प्रत्येकाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये शिरतं, आणि तिथे एका पॅकेजचं एकच व्हर्जन नांदू शकतं. २०२३ मध्ये पायडँटिक २ आलं, तेव्हा सेटिंग्ज वाचणारा बेससेटिंग्ज हा क्लास वेगळ्या पॅकेजात गेला. एक लायब्ररी '२ च्या खालचं' मागते, दुसरी '२ किंवा वरचं'; पॅकेज बसवणारं पिप हात वर करतं. चार सेटिंग्ज वाचायला एवढा उपद्व्याप कशाला?

मुळात लायब्ररीने फाइल वाचायचीच कशाला? बहुतेकदा एक फ्रोझन डेटाक्लास, म्हणजे एकदा बनवल्यावर फील्ड न बदलणारा साधा क्लास, पुरतो. टाइमआउट ऋण असला तर पोस्ट-इनिटमध्येच (ऑब्जेक्ट बनताच आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये) फील्डचं नाव सांगून व्हॅल्यूएरर द्या. मूल्यं कुठून आणायची, ते अ‍ॅप्लिकेशन बघेल.

फाइल वाचणं टळतच नसेल तर टॉमल हा साधा कॉन्फिगरेशन फॉरमॅट घ्या. पायथन ३.११ पासून तो वाचणारं टॉमलिब सोबतच येतं. ते फक्त वाचतं, लिहीत नाही, आणि फाइल बायनरी मोडमध्येच उघडावी लागते. त्याहून जुन्या पायथनसाठी, आणि फक्त तिथेच बसेल अशा अटीवर, टॉमली हे पॅकेज जोडा; वापरायची पद्धत तीच. आयएनआय फाइल वाचणारा कॉन्फिगपार्सरही पायथनसोबत फुकट मिळतो, पण त्यात सगळ्या व्हॅल्यू स्ट्रिंग असतात, कीज लोअरकेस होतात आणि पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह आलं की इंटरपोलेशन (एका व्हॅल्यूत दुसरी भरण्याची सोय) अडखळतं. ही सोय बंदच ठेवा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचतानाही जपून: 'फॉल्स' ही स्ट्रिंग बूलमध्ये टाकली तर उत्तर ट्रू येतं, कारण ती रिकामी नाही.

यामल मला लायब्ररीत नकोसंच वाटतं. पायवायएएमएल यामल १.१ चे नियम पाळतं. अवतरणाशिवाय लिहिलेला नॉर्वेचा 'एनओ' हा कोड फॉल्स होतो आणि ३.१० चं ३.१ होतं. लोक मागतातच, तर ऐच्छिक एक्स्ट्रा म्हणून, म्हणजे मागेल त्यालाच बसेल असं, द्या. इम्पोर्ट फंक्शनच्या आत करा, पॅकेज नसेल तर इन्स्टॉलची नेमकी कमांड एररमध्ये छापा, आणि लोड करताना सेफ-लोड हे सुरक्षित फंक्शनच वापरा. यातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट एररची. पार्सरची एक्सेप्शन तशीच बाहेर सोडली, तर वापरणारे तीच पकडायला लागतात आणि पुढे पार्सर बदलला की त्यांचा कोड मोडतो. ती लायब्ररीच्या स्वतःच्या कॉन्फिगएरर या एक्सेप्शनमध्ये गुंडाळा. परक्या पॅकेजचे टाइप्सही पब्लिक फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये येऊ देऊ नका.

जी पॅकेजेस घ्याल त्यांच्या व्हर्जनची खालची मर्यादा तपासून लिहा. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये) यूव्ही या पॅकेज बसवणाऱ्या टूलच्या 'लोएस्ट-डायरेक्ट' रिझोल्यूशनने, म्हणजे थेट मागितलेल्या पॅकेजची सर्वात जुनी चालणारी व्हर्जन्स बसवून, एक फेरी चालवली की ती खरी की अंदाजपंचे ते कळतं. वरची मर्यादा, मोडतं याची खात्री असेल तरच.

कमेंट आणि मांडणी जपून टॉमल परत लिहायचं असेल, तर मात्र टॉमलकिट हे पॅकेज सरळ घ्या. तसा पार्सर हाताने लिहिण्यात काही शहाणपण नाही.