आमची वाटचाल : काकूंना दाढी फुटली तिथून पुढे

आमचं पहिलं ग्रीटिंग कार्ड विकलं गेलंच नाही, ते फाडून टाकावं लागलं. २०१९ ची दिवाळी नुकतीच झालेली, शेजारच्या काकूंची साठी होती आणि मी आणि ताईंनी (ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, पण जावा-जावांचा धंदा म्हटलं की लोक पहिल्यांदा भांडणाचीच चौकशी करतात, म्हणून ताई) ठरवलं की दुकानातलं गुलाबाचं ग्रीटिंग नको, आपणच काहीतरी हसवणारं करू. ताईंनी नेटवरून एक डिजिटल स्टॅम्प विकत घेतला, स्कूटरवरून सुसाट निघालेल्या आजीबाई. प्रिंट काढली नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. ती निघाली लेझरची, आम्हाला काय माहीत, वर अल्कोहोल मार्कर (स्पिरिटच्या शाईचं रंगवायचं पेन) फिरवला तर टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची काळी पूड, विरघळला आणि हनुवटीची काळी रेघ पसरत पसरत गालापर्यंत गेली. काकूंना दाढी! रात्रीचे साडेअकरा आणि सकाळी वाढदिवस.

डिजिटल स्टॅम्प म्हणजे पोस्टाचं तिकीट नव्हे, हे आम्हाला अजून प्रत्येक प्रदर्शनात सांगावं लागतं. लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकात असतं तसं नुसत्या रेघांचं चित्र, फक्त ते फाइल म्हणून मिळतं, आपण प्रिंट मारायची, हाताने रंगवायची, कडेकडेने कापायची आणि खाली फोम टेप (स्पंजासारखी जाड, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी) लावून कार्डावर चिकटवायची की चित्र जरा उठून येतं. रबरी शिक्का एकाच मापाचा असतो, हे चित्र हवं तेवढं लहान-मोठं करा, आरशासारखं फिरवा, दोन चित्रं जोडा. म्हणजे फाइल ३०० डीपीआयची (इंचाला तीनशे ठिपके) असेल तोवर. व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्र मोठं करायला गेलात तर रेघांच्या पायऱ्या होतात.

दाढीनंतर इंकटँकवाला प्रिंटर घेतला, नवऱ्याच्या बोनसमधून, तो अजून ऐकवतो. ही शाई पाण्यातली आणि मार्कर स्पिरिटचा, त्यामुळे दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, फक्त प्रिंट पूर्ण वाळायला हवी. आता जुलैत डोंबिवलीत काही पूर्ण वाळतं का! रात्रभर पंख्याखाली, आणि घाई असली तर हेअर ड्रायर. वॉटरकलर करायचा असेल तर मात्र उलटं, तिथे लेझरच बरा, पाण्याने टोनर हलत नाही. हे दोन नियम कळायला आमचे चार महिने आणि दोन रिम कागद गेला.

कागद मशीद स्टेशनला उतरून अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणायचो, अजूनही आणतो. तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम, म्हणजे चांगला जाड) ए-फोर घेऊन मधे दुमडला की घडीवर भेगा पडायच्या, दुकानदाराला वाटे कागदात खोट नाही, आम्हाला वाटे आहे. शेवटी त्यानेच सांगितलं की कागदाला पण लाकडासारखी दिशा असते, ए-फोर बहुतेक उभ्या दिशेने कापलेला मिळतो आणि तुम्ही आडवा मोडताय. तेव्हापासून मोठा शीट घेऊन आम्हीच कापतो, आणि घडी घालायच्या आधी संपलेली रिफिल पट्टीला लावून एक रेघ ओढायची, मस्त घडी पडते. यासाठी वेगळं हत्यार मिळतं, आमच्याकडे पण आहे, पण हाताला रिफिलच लागते.

सुरुवातीला बाहेरच्या देशातल्या चित्रकारांचे स्टॅम्प घ्यायचो. चित्रं अप्रतिम, पण आपलं हसू त्यात सापडायचं नाही. वाईनचा ग्लास घेतलेल्या आजीबाई बघून आमच्या गिऱ्हाइकांना एकतर कळायचंच नाही किंवा नको तेवढं कळायचं. शिवाय त्यांच्या अटी असतात, आणि असायलाच हव्यात. हाताने रंगवलेली कार्डं विका, मागे चित्रकाराचं नाव घाला, पण छापखान्यात देऊन गठ्ठे काढायचे नाहीत, फाइल कोणाला पाठवायची नाही. एका ऑफिसातून दोनशे कार्डांची ऑर्डर आली, त्यांना छापीलच हवी होती. आम्हाला नाही म्हणावं लागलं. त्या रात्री ताई जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी टॅबलेटवर एक काका काढले. बनियन, कपाळावर सरकवलेला चष्मा, दोन्ही हातांनी सोफ्याखाली काहीतरी शोधताहेत. मी आत लिहिलं, "पन्नाशी सापडली. चष्मा अजून शोधतोय." हे आमचं खरं पहिलं कार्ड. काका अजून सगळ्यात जास्त खपतात, त्यांच्यावर आमचा मुलांच्या क्लासचा एक हप्ता निघतो म्हटलं तरी चालेल.

मग २०२० चं लॉकडाऊन आलं, प्रदर्शनं बंद, टपाल अडखळत. काम नव्हतं त्यामुळे फोनवर आलेल्या एकेका गिऱ्हाइकाशी मी अर्धा अर्धा तास बोलत बसायचे आणि त्यातूनच तो प्रश्न सापडला जो आता आमच्या ऑर्डर फॉर्मवर पहिला आहे. वय काय, आवड काय, हे आम्ही विचारतच नाही. विचारतो : हा माणूस चिडला की काय बोलतो? कारण आवड विचारली की सगळे "वाचन, प्रवास, जुनी गाणी" सांगतात, आणि चिडल्यावर काय बोलतो म्हटलं की फोनवर आधी हसू ऐकू येतं. एकीने सांगितलं, सासूबाई चिडल्या की म्हणतात आमच्या वेळी हे असं नव्हतं. कार्डावर मोबाइल उलटा धरलेल्या आजी, आत "खरंय आई, तुमच्या वेळी असं नव्हतंच. तुमच्या वेळी तुम्ही सून होतात." देताना ती सुद्धा घाबरली होती. सासूबाईंनी ते फ्रिजवर लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः वाचून दाखवतात.

रेल्वेने पस्तीस वर्षं ये-जा करून रिटायर होणाऱ्या एकांना "आजपासून ८.१२ ची चुकली तरी चालेल." पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मामींना "तुमचा पाय घरात टिकलेला पहिल्यांदाच बघितला."

चुका पण सांगते. चित्र आरशासारखं फिरवता येतं म्हणून मी एकदा हळदीकुंकवाच्या कार्डावर बाईचं तोंड दुसऱ्या बाजूला केलं, आणि ती डाव्या हाताने कुंकू लावायला लागली. तीस कार्डं रंगवून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या आईच्या लक्षात आलं, आम्हा दोघींच्या नाही. आणि दुसरं पोस्टाचं. साध्या टपालाला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. आमच्या कार्डाचा नुसता कागदच जवळजवळ एकोणीस ग्रॅम भरतो, त्यात फोम टेप, चिकटवलेलं चित्र, पाकीट. आम्ही आपले पाचचं तिकीट लावून टाकत होतो. लग्नाच्या वाढदिवसाचं एक कार्ड नॉटपेड होऊन पोचलं, कमी पडलेल्या पैशांच्या दुप्पट, म्हणजे दहा रुपये नवरदेवाला भरावे लागले. त्यांना तो आमच्या विनोदाचाच भाग वाटला, नशीब! आता स्वयंपाकघरातला वजनकाटा आमच्या टेबलावर असतो आणि केक अंदाजाने होतो.

काही कार्डं आम्ही घेत नाही. जाडी, टक्कल, रंग यावर नाही. एकदा केलं होतं, मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला, मैत्रिणींनीच सांगितलेलं, आणि नंतर तिच्या आईचा फोन आला. आई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. रंगाचं तर आमचं आमच्याशीच भांडण आहे, आमच्या मार्करच्या सेटमध्ये 'स्किन' म्हणून आले ते सगळे गुलाबी, आमचे काका-काकू रंगवायला तपकिरीतल्या तीन छटा सुट्या घ्याव्या लागतात.

एका कार्डाला अजून चाळीस मिनिटं लागतात, दीडशे रुपये घेतो, महाग वाटतं त्यांना वाटू दे. फुकट फॉरवर्ड तर सगळ्यांकडे आहेतच, आमच्या घरातले काका रोज सकाळी सहाला अकरा पाठवतात.

परवा एकजण आला, भावासाठी कार्ड हवंय म्हणाला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, चिडला की काय बोलतो? "बोलतच नाही, दोन वर्षं झाली." मी पुढे काही विचारलं नाही, त्यानेच सांगितलं की लहानपणी दोघं गॅलरीत कॅरम खेळायचे. ताईंनी चित्र काढलंय. कॅरम, दोन्ही बाजूंना दोन स्टुलं रिकामी, सोंगट्या सगळ्या गेलेल्या आणि मधे एकटी क्वीन. रंगवून, कापून तयार आहे. आतली ओळ मला अजून सुचलेली नाही, आणि तो शनिवारी न्यायला येणार आहे.