दोन पट्टे आणि सिस्टरचा हात

गरोदरपणाचा तिसावा आठवडा चालू होता. मेथी निवडत बसले होते आणि पोट नारळासारखं टणक झालं. दुखलं नाही, नुसतं घट्ट झालं आणि सुटलं. सासूबाई म्हणाल्या, "गॅस असेल, ओवा चाव." संध्याकाळपर्यंत तासाला पाचदा होऊ लागलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पाणी पी, डाव्या कुशीवर पड, तासभर मोज. मोजलं, पण थांबेना. मग निघालोच.

दवाखान्यात पोटावर गार जेल आणि दोन पट्टे. एकाखाली बाळाचे ठोके टिपणारा डॉप्लर, दुसऱ्याखाली पोट ताणलं की दाबली जाणारी चकती. कागदावर वरची रेघ १४०-१५० च्या आसपास नाचत होती, खाली टेकड्या उमटत होत्या. मी जरा कूस बदलली आणि टेकड्या गायब! सुटलो, असं वाटलं. सिस्टरनी पोटावर हात ठेवला. "ताई, पट्टा सरकलाय. पोट कडकच आहे."

त्यांनी हात ठेवूनच समजावलं. कळ किती वेळाने येते, किती वेळ टिकते, एवढंच या पट्ट्याला कळतं. जोर कळत नाही. पट्टा आवळून बांधला की टेकडी उंच, सैल बांधला की बुटकी. मी मात्र उंची बघून घामाघूम झाले होते.

खरा निकाल खालून केलेल्या सोनोग्राफीने दिला. लघवीला जाऊन यायचं, मग पाचेक मिनिटांचं काम. अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही. गर्भाशयाच्या मुखाची लांबी ३१ मिमी. विसाव्या आठवड्यात ३४ होती. डॉक्टर म्हणाल्या, ही लांबी ३० मिमीच्या पुढे असली की आठवड्याभरात प्रसूती व्हायची शक्यता फार कमी. बाळाच्या फुप्फुसांसाठी २४ तासांच्या अंतराने द्यायची दोन इंजेक्शनं त्यांनी लगेच दिली नाहीत. रात्रभर ठेवून घेतलं. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. पोट त्यानेच चाळवलं असावं, असं त्यांचं मत. गोळ्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी पोट शांत.

पुढचे आठवडे, पोट घट्ट झालं की कॅलेंडरच्या पाठीवर टिंब, अशी टिंबं मांडण्यात गेले. कधी दोन, कधी तीन, त्यावर नाही. सासूबाई जाता-येता टिंबं मोजायच्या, ओव्याचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही. अडतिसाव्या आठवड्यात पहाटे कमरेतून कळ आली, तेव्हा पेन शोधायचंही सुचलं नाही.