गाजराचं पाणी: 100, 80 की 60 टक्के?

रब्बी गाजरावर ठिबकच्या पाण्याचे तीन स्तर, म्हणजे पिकाच्या गरजेच्या 100, 80 आणि 60 टक्के, तपासायचे, तर मी आधी व्हॉल्व्ह वेगळे करतो. दोन स्तरांमध्ये एक गादीवाफा मोजणीबाहेर सोडतो. नाहीतर शेजारचा ओलावा सरकतो आणि 60 टक्क्यांचं पीक भलतंच पाणी पितं.

ड्रिपरवर (थेंब सोडणाऱ्या तोटीवर) ताशी 2 लिटर लिहिलेलं असलं तरी भांडं लावून खात्री करायची. लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) सुरुवातीला, मध्यावर आणि टोकाला 6 मिनिटं पाणी धरलं की प्रत्येकी 200 मिली भरायला हवं. टोकाला 160 भरलं, तर तिथले 100 टक्के म्हणजे 80च. अशा वेळी फिल्टर धुवून, लॅटरलची टोकं उघडून फ्लश करायचं आणि पुन्हा मोजायचं.

गाजर पोसतानाचा पीक गुणांक (संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाच्या किती पट पाणी पिकाला लागतं तो आकडा) 1.05 धरतो. संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन, म्हणजे गवताने झाकलेल्या जमिनीतून उडणारं पाणी, दिवसाला 4 मिमी असेल तर गरज 4.2 मिमी, ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरली की 4.7. लॅटरल 1.2 मीटरवर आणि ड्रिपर 30 सेंमीवर असतील तर तासाला साडेपाच मिमी पडतं. म्हणजे तीन स्तरांना रोज 50, 40 आणि 30 मिनिटं.

उगवण पूर्ण होईपर्यंत मात्र तिन्हींना सारखंच पाणी. बी जेमतेम दीड सेंमी खोल असतं, उगवायला आठवडा-दोन आठवडे घेतं आणि वर पापडी धरली की कोंब आतच अडकतो. इथेच पाणी तोडलं तर पुढे उत्पादनातला फरक पाण्याचा की विरळ रोपांचा, हे सांगता येत नाही.

काढणीला पाला कापून, माती धुऊन वजन करतो, आणि विक्रीयोग्य माल वेगळा. खरी मेख इथे आहे. समजा, 100 टक्क्यांवर गुंठ्याला 30 हजार लिटर पाण्यात 250 किलो गाजर निघालं, 60 टक्क्यांवर 18 हजारांत 180. हजार लिटरमागे 8.3 आणि 10 किलो. दुसरा आकडा सरस दिसतो. पण त्या 180 मधलं 60 किलो बारीक, कडक गाभ्याचं निघालं, तर हजार लिटरमागे विक्रीयोग्य फक्त 6.7 किलो. पाणी कमी असेल तर मी क्षेत्र घटवतो आणि 80 टक्क्यांखाली उतरत नाही.

ताण दिलेल्या वाफ्याला शेवटी एकदम भरपूर पाणी देऊ नये. साल ताणली जाऊन गाजर उभं तडकतं.