सहा मीटर खण आणि बावीस टोपल्या

भाचीचं बोरन्हाण २ फेब्रुवारीला करायचं ठरलं. २०२५ची संक्रांत १४ जानेवारीला झाली होती, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे मधला शेवटचा रविवार. बहिणीने सामानाची यादी केली: बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या, हलवा, चॉकलेटं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘मुलांसाठी पिशव्या, २२’.

त्या शेवटच्या ओळीवर मी अडले. बोरन्हाणात बाळाला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओततात आणि भोवतालची मुलं ते वेचायला धावतात. प्लास्टिकची पिशवी असली की तिचं तोंड मिटतं. एका हाताने ती उघडी धरायची आणि दुसऱ्याने वेचायचं, हे तीन वर्षांच्या मुलाला जमत नाही. मग ती मुलं एका मुठीत दोन बोरं धरून उभी राहतात आणि मोठी मुलं सगळं गोळा करून नेतात. मी हे अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय. म्हणून बहिणीला म्हटलं, पिशव्या आणू नकोस. खाली ठेवली तरी तोंड उघडं राहील अशी कापडी टोपली मी प्रत्येकाला शिवून देते. हातात अठरा दिवस होते, आणि ऑफिस रोजचं.

काळा खण घ्यायचा हे लगेच ठरलं. संक्रांतीला काळं चालतं, नव्हे, काळंच हवं. थंडीच्या दिवसांत काळा रंग ऊब धरतो, म्हणून हा एकच सण आपण काळ्या कपड्यांत साजरा करतो. खण मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, पण ओटीतून आणि चोळीतून तो आपल्याकडे इतका मुरलाय की परका वाटतच नाही. पुण्याच्या रविवार पेठेत कापडगंजात फिरून लाल काठाचा काळा खण सहा मीटर घेतला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३० इंचांच्या आसपास होता.

घरी आल्यावर पांढरं फडकं ओलं करून खणावर घासलं, तर फडकं करडं झालं. बोरं धुतलेली, ओलसर असणार आणि मुलं ती टोपलीतून उचलून थेट तोंडात घालणार. खण गार पाण्यातून काढला, पुन्हा काढला, तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. कापड थोडं आटलं, पण ते शिवण्याआधी आटलेलंच बरं.

पहिला नमुना मी सोप्या पद्धतीने केला. साडेतेरा इंचांचा चौकोन, चारही कोपऱ्यांतून चार-चार इंचांचे चौकोन कापून टाकायचे आणि उरलेल्या चार बाजू उभ्या करून कोपऱ्यात शिवायच्या. शिवणीला दोन सूत माया, म्हणजे पाव इंच. तळ पाच बाय पाच आणि उंची चार इंच मिळते. पन्ह्यात दोन चौकोन बसले, म्हणून दोन नमुने एकदम कापले. कडक व्हावं म्हणून आत बकरम घातलं.

दोन्ही टोपल्या उभ्या राहिल्या, पण मला आवडल्या नाहीत. एक तर बकरम. सुलटं करताना त्याला ज्या घड्या पडल्या त्या इस्त्रीनेही गेल्या नाहीत आणि टोपली चुरगळलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसायला लागली. दुसरं म्हणजे काठ. खणाचा जीव काठात असतो. चौकोन कापला की काठ एकाच बाजूला येतो, बाकीच्या तीन बाजू नुसत्या काळ्या. आणि आईने टेबलावरचे आठ तुकडे हातात घेऊन विचारलं, “अशा बावीस शिवणार? मग एवढ्या चिंध्यांचं काय करायचं?”

रात्री झोप लागेना तेव्हा सुचलं की चौकोन कापायचाच नाही. काठ धरून लांब पट्टी कापायची आणि तिचं कडं करायचं, म्हणजे लाल काठ टोपलीच्या तोंडाभोवती सलग फिरेल. तळ वेगळा. सकाळी चहाच्या आधी कागदावर हिशोब मांडला. पाच इंचांच्या चार बाजू, शिवणीची माया धरून साडेवीस इंच लांब आणि साडेचार इंच उंच पट्टी. तळ साडेपाच इंचांचा चौकोन. खणाला दोन्हीकडे काठ असल्यामुळे साडेवीस इंच लांबीत दोन पट्ट्या निघतात. उरलेल्या मधल्या भागातून दोन तळ आणि दोन टोपल्यांचे बंद, म्हणजे उचलायचे पट्टे, आरामात होतात. नमुन्यांत गेलेलं सोडून राहिलेल्या कापडात दहा लांब्या बसत होत्या, म्हणजे वीस टोपल्या. आधीच्या दोन धरून बरोबर बावीस! साडेसतरा इंचांचा एक तुकडा शिल्लक राहिला, तो घडी करून ठेवला.

अस्तराचा प्रश्न आजीने सोडवला. मी टू बाय टू रुबिया, म्हणजे ब्लाउजचं तलम कापड, आणणार होते. आजी ऐकत होती. तिने ट्रंकेतून दोन सुती लुगडी काढून दिली, एक अंजिरी, एक मोरपिशी. ती वापरू का, असं मी दोनदा विचारलं. वाण म्हणून जुनं कापड देत नाहीत, हे मला तिनेच शिकवलं होतं. ती म्हणाली, “हे वाण नव्हे गं, हे पोरांचं. बाळाचं पहिलं अंगडंसुद्धा जुन्या लुगड्याचंच शिवायचे. मऊ असतं. आणि मला आता नऊवारी पेलवत नाही.”

मी कात्री शोधत होते, तोवर तिने काठाला दातांनी चीर दिली आणि दोन्ही हातांनी लुगडं फाडलं. चर्र आवाज करत ते सरळ रेषेत फाटत गेलं. साध्या विणीचं सुती कापड धाग्याला धरून फाटतं, कात्रीपेक्षा सरळ. मला हे पुस्तकी माहीत होतं, करून कधी पाहिलं नव्हतं. तासाभरात अस्तराच्या सगळ्या पट्ट्या तिने फाडून दिल्या, मी फक्त मोजून चीर देत होते. खणाला मात्र हे चालत नाही. त्याची कापलेली कड पाहता पाहता सुटते, म्हणून कापल्याबरोबर प्रत्येक तुकडा दुसूतीवर, म्हणजे भरतकामाच्या जाड सुती कापडावर, ठेवून कडेने टीप मारून घेतली.

बकरमच्या जागी ही दुसूती आली. भरतकामाची साधी दुसूती जाड असते, पण उभी राहण्याइतकी कडक नसते. त्यालाही आजीचाच उपाय: खळ. साबुदाण्याची पातळ खळ करून दुसूती तिच्यात बुडवली, सावलीत वाळवली आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवली. सुलटं करताना ती दुमडते आणि हात फिरवला की पुन्हा सरळ होते, बकरमसारखी मोडत नाही. टोपली धुतली तर खळ जाईल, एवढंच. ती पुन्हा देता येते.

आता शिवण. मशीन आईचं, पायडलचं, काळं, लोखंडी. पट्टीची दोन टोकं जोडून कडं करणं सोपं. कठीण आहे तो चौकोनी तळ त्या कड्याला जोडणं. कड्यावर दर पाच इंचांवर खूण करायची आणि तिथे शिवणीच्या रेषेपर्यंत, पण रेषेच्या अलीकडेच, कात्रीने छोटी चीर द्यायची. मग तळाच्या एका बाजूवर टीप मारत यायचं, कोपऱ्यापासून दोन सूत अलीकडे थांबायचं, सुई कापडात खुपसलेली ठेवायची, कापड दाबून धरणारा मशीनचा फूट उचलायचा आणि कापड फिरवायचं. चीर उघडते आणि पट्टी कोपऱ्याभोवती वळते. चीर दिली नाही तर कोपऱ्यात चुणी पडते, जास्त दिली तर भोक. पहिल्या तीन टोपल्यांचे कोपरे मी उसवून पुन्हा शिवले. चौथीपासून हाताला अंदाज आला.

अस्तराची टोपली तशीच शिवायची, फक्त तिची पट्टी उंचीला एक सूत कमी घ्यायची. मग अस्तर आत ढिलं पडत नाही, ताणून बसतं. तिच्या तळाच्या एका शिवणीत तीन इंच जागा उघडी ठेवायची. दोन्ही टोपल्या सुलट्याला सुलटी लावून तोंडाशी जोडायच्या, त्या उघड्या जागेतून सगळं बाहेर ओढायचं आणि ती जागा हाताने शिवून टाकायची. शेवटी तोंडाभोवती दोन टिपा. या दोन टिपांनी टोपलीचं तोंड ताठ राहतं. त्या टाळू नयेत.

बंदावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. अकरा इंच लांब, तीन इंच रुंद पट्टी चार पदरी दुमडून शिवली आणि टोकं तोंडाच्या शिवणीत अडकवली. टोपलीत अर्धा किलो बोरं भरून आईने ती हलवून पाहिली, आणि एक टोक निसटलं. शिवणीत फक्त दोन सूत कापड पकडलं होतं, ओझं धरायला ते पुरेसं नव्हतं. मग बंदाचं टोक दीड इंच आत सोडलं आणि टोपली सुलटी झाल्यावर तिथे चौकोनी टीप मारून आत फुली काढली. पुन्हा अर्धा किलो, पुन्हा आईची परीक्षा. या वेळी टिकली. मात्र त्या जागी इतके पदर होतात की १४ नंबरची सुई मोडली. १६ नंबरची लावली आणि बंदाच्या जागी पाय थांबवून हाताने चाक फिरवलं. हे सगळ्या टोपल्यांना केलं. ज्या टोपलीचं ओझं चार वर्षांचं मूल उचलणार, तिचा बंद माझ्या शिवणीमुळे तुटता कामा नये, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

बाहेरून मणी, घुंगरू, टिकल्या लावायचा मोह झाला. तुळशीबागेत हलव्याचे दागिने घ्यायला गेलो तेव्हा एकाहून एक लेस दिसत होत्या. काही घेतलं नाही. टोपल्या तान्ह्या मुलांच्याही हातात जाणार, सुटलेला मणी कुठे जाईल सांगता येत नाही. याच कारणाने बहिणीनेही यादी बदलली. भाची चौदा महिन्यांची, तिच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि मोठी बोरं ओतायची, आणि तीही तिच्या हाताला लागण्याआधी बाजूला करायची. हलवा, रेवड्या, घाटे मोठ्या मुलांच्या टोपल्यांत आपण घालायचे. काही जणींना हे रीतीला धरून वाटलं नाही, पण मला ते अगदी योग्य वाटलं.

पहिल्या टोपलीला दोन तास लागले होते. नंतर एकेक पुरी करणं सोडलं. एका रात्री सगळी कडी, दुसऱ्या रात्री सगळे तळ, मग अस्तरं, मग बंद, अशी कामं लावली तेव्हा एका टोपलीला पंचवीसेक मिनिटं पडली. १ फेब्रुवारीच्या रात्री अकराला बाविसावी झाली. नमुन्याच्या दोघींतलं बकरम काढून दुसूती घातली. काठ एकाच बाजूला राहिला, तो राहिलाच.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंजी घातली. भाची हलव्याचा मुकुट घालून पाटावर बसली. मुलांनी टोपल्या समोर जमिनीवर ठेवल्या, मला हवं होतं तसंच. पहिला हात ओतला आणि सगळी तुटून पडली. मी एका कोपऱ्यात बसलेल्या अडीच वर्षांच्या मुलीकडे पाहत होते. तिने एक बोर उचललं, टोपलीत टाकलं, वाकून आत पाहिलं, मग दुसरं उचललं. दोन्ही हात मोकळे. शेवटी तिची टोपली अर्धी भरली होती आणि ती बंद धरून आईकडे चालत गेली. त्या अठरा रात्रींत मी हेच डोळ्यांसमोर ठेवलं होतं.

बावीस मोजली होती, मुलं चोवीस आली. खालच्या मजल्यावर गावाहून पाहुणे आले होते, त्यांची दोन. त्यांना पितळी डबे दिले, पण त्यांची नजर इतरांच्या टोपल्यांवरच होती. रात्री घडी करून ठेवलेला साडेसतरा इंचांचा तुकडा काढला. दोन्ही काठांच्या दोन पट्ट्या, तळ सव्वाचार इंचांचा, अस्तराला मोरपिशी लुगड्याचं उरलेलं. मंगळवारी, रथसप्तमीच्या संध्याकाळी, दोन्ही टोपल्यांत तिळगूळ घालून आई त्या खाली देऊन आली.