करूं काय रावूं?

रात्रीचे साडेदहा. अंगणातली सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळत घातलेल्या साली, आत घेतली, ढग भरून आलेत. झोप येत नाही म्हणून लिहितेय.

आज सकाळी रसाच्या टोपात हात घालण्याआधी आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाय, करूं काय रावूं?"

म्हणजे, करू की थांबू? एवढंच. मी तर कपडे वाळत घालत होते, फोन आत चार्जिंगला होता. पण तिला वाटलं, मी रील काढणार असेन, तर आपण थांबायला हवं. चाळीस वर्षं भिंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून, बिया काढून, साली उन्हात घालून रसाचं पुट देणारी बाई. तिने स्वतःच्या अंगणात स्वतःचं काम सुरू करू का, असं मला विचारलं.

मग एकेक आठवत गेलं. पूर्वी ही वेळ किती गजबजलेली असायची. कावळ्यांना हाकलणं, कुंपणापलीकडच्या काकींशी बोलणं, मध्येच वहिनीला हाका. आता ती गप्प असते, कारण एकदा मीच म्हटलं होतं, "आवाज येतो गं मध्ये." काकीही आमच्या अंगणात उजेड चांगला असला की हल्ली कुंपणाशी येत नाहीत. आणि हात. लोकांना आईचे हात आवडतात, भेगाभेगांत सोलांचा रंग मुरलेले. रीलखाली सगळ्यांनी त्यावरच लिहिलं. तेव्हापासून आई रोज रात्री लिंबू चोळून हात धुते.

मी सोलांच्या रील का काढायला लागले, ते तिलाही माहीत आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बंद पडला आणि सोलांचे डबे माळ्यावर राहिले. व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग केला, ओळखीच्यांना पाठवला, डबे गेले. त्याच जुलैत, टिकटॉक बंद झाल्यावर, इन्स्टाग्रामची रील आली. पणजीची नोकरी मी नंतर सोडली. दादा तेव्हा जे बोलला, ते आज नको.

पण कोणाला कळतं का, यात किती जीव जातो? पहिल्या तीन सेकंदांत बघणारा थांबला नाही तर गेला. 'सोलां' लिहून गोव्याबाहेर कोणाला सापडत नाही, म्हणून खाली कोकम, आमसूल, रातांबे, मंगळूरकडच्यांसाठी पुनर्पुळी. आई म्हणते, एका झाडाला किती नावं ठेवशील? आठ दिवस काही टाकलं नाही की पुढची रील कोणापर्यंत पोचत नाही असं वाटतं. गेल्या आठवड्यातली ४२ हजारांनी पाहिली. ऑर्डरी आल्या ९. त्यातलं एक पाकीट वाटेत ओलं होऊन फुटलं, ते मी पुन्हा पाठवलं, माझ्या खर्चाने. रात्री बारालाही कोणी भाव विचारला तर उत्तर मीच देते. घरात सगळ्यांना वाटतं, ही फोनवर बसलेली असते.

आणि तरी दिवसभर मला बोचत राहिलं ते "रावूं".

दुपारी जेवताना सांगून टाकलं, आजपासून अंगणात फोन नाही, तू कर तुझं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती ताट बाजूला सारून म्हणाली, "मग लोक घेणार कसे? बाजारात बसायला माझे गुडघे आहेत का आता?"

मी गप्प.

"आणि हात काय दाखवतेस सारखे? हात सगळ्यांना असतात. पुट दाखव. एका पुटाचं सोल आणि चार पुटांचं सोल शेजारी ठेव. मीठ जास्त घातलं की वजन वाढतं, ते सांग. फुटी कढीला आपली किती पुरतात, ते सांग."

इतक्या वर्षांत एकदाही मी तिला विचारलं नव्हतं की काय दाखवू. शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाइकाच्या हातावर सोल ठेवून, चावून बघ म्हणणारी ही. तिला विकायला मी काय शिकवणार होते?

संध्याकाळी नाशिकच्या एका ताईंचा निरोप आला होता, सोलं इतकी काळी का, जुनी आहेत का? मी नेहमीचं ठरलेलं उत्तर पाठवणार होते. मग फोन आईपुढे धरला आणि बटण कसं दाबून ठेवायचं ते दाखवलं. २ मिनिटं ४० सेकंद बोलली. मध्ये कावळ्यांना ओरडली, काकींना "येते गो" म्हणाली, पुन्हा पुटावर आली. मी काहीच कापलं नाही, तसंच पाठवलं.

निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही. आई झोपायला जाईपर्यंत दोनदा विचारून गेली, ऐकलं का त्यांनी?